दुसरं टोक

सावळेरामने मशीनचं पातं बोटानं फिरवलं आणि नारळ पारखताना लावतात तसा कान लावला. मंचरच्या चांदमलशेठच्या हार्डवेअर दुकानात सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. कोपरे कापायचं ते चायनाचं मशीन फळीवर ठेवलेलं होतं. वर सोनेरी अक्षरं, खाली पातळ पत्रा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं त्याने शेठच्या तोंडावर सांगूनही टाकलं. शेठ रागावले नाहीत. माल स्वस्तातला आहे हे त्यांनी आधीच कबूल केलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, लाईट आली की कापून बघा, म्हणाले आणि चहा सांगितला. लोडशेडिंग होतं, लाईट दोनला येणार होती.

सावळेराम डिंगोऱ्याचा सुतार. दिवाळीपासून त्याचा उजवा खांदा आखडला होता, आणि नेमक्या त्याच वेळी निमगाव सावाच्या भजनी मंडळाने साठ तसबिरींच्या चौकटी सांगितल्या होत्या. म्हणजे दोनशे चाळीस कोपरे, प्रत्येक पंचेचाळीसच्या कोनात कापलेला. हातकरवतीने ते आता होणं नव्हतं. मशीन जमलं तर ठीक, नाही तर मंडळाला नकार कळवायचा आणि कुणाच्या तरी कांदाचाळीवर राखणदार म्हणून बसायचं. त्या विचाराने रात्री त्याचा डोळा लागला नव्हता.

बाकड्यावर त्याची बायको इंद्रायणी बसली होती. शेजारी कापून बघायला आणलेल्या लाकडी पट्ट्यांची मोळी. बावीस वर्षं तिने एकच काम केलं होतं, तो कापत असताना लाकडाचं दुसरं टोक धरायचं. आणि बावीस वर्षांत त्याने तिला सगळ्यात जास्त वेळा काय म्हटलं असेल, तर "नीट धर, हलू नको." तिने दोनदा करवत मागून बघितली होती. दोन्ही वेळा तो नुसता हसला होता, आणि ते हसणं तिला अजून झोंबत होतं.

लाईट आली. सावळेरामने डाव्या हाताने दोन तुकडे कापले, जोडले आणि कोपरा दाराकडे धरला. फटीतून लख्ख उजेड आला.

"मशीनची मागची पट्टी, लाकूड टेकायची, वाकडी हाय," तो म्हणाला. "ठिवा खोक्यात, शेठ. न्हाई जमायचं."

 शेठनी खोकं ओढलं.

इंद्रायणी उठली. डोळा बारीक करून तिने पट्टी न्याहाळली. मग पदराच्या गाठीतून सकाळचं एस.टी.चं तिकीट काढलं, चार घड्या घातल्या आणि पट्टी नि लाकूड यांच्यामध्ये एका कडेला सारलं. जात्याचा खुंटा ढिला झाला की चिंधी लावतात, त्यातलाच प्रकार, असं ती शेठना सांगत होती. नवऱ्याला नाही.

"अगं, पातं हाय ते," सावळेराम म्हणाला.

"बावीस वर्सं बघतीय मी पातं."

तिने स्वतःच दोन तुकडे कापले. पहिल्यांदा फट राहिली. तिने तिकिटाची एक घडी मोडली आणि पुन्हा कापलं. या वेळी कोपरा दाराकडे धरला तर केसभरही उजेड आत येईना. सावळेरामने तो तिच्या हातून घेतला, गुण्या लावला, उलटा करून परत लावला. काटकोन बरोबर होता. त्याला हसू फुटलं, आणि आवरायला गेला तरी आवरेना.

"बांधा, शेठ," तो म्हणाला. "फकस्त ते तिकीट टाकू नका."

शेठनी सुतळी काढली, पण इंद्रायणीला आता थांबवतो कोण? तिने मोळीतली सगळ्यात लांब पट्टी ओढून मशीनवर ठेवली. पट्टीचं दुसरं टोक फळीबाहेर गेलं आणि वर-खाली झुलू लागलं. सावळेरामने इकडेतिकडे पाहिलं. शेठ सुतळी सोडवण्यात गुंतले होते, धरायला दुसरं कोणी नव्हतं. मग तोच जाऊन टोकाशी उभा राहिला आणि डाव्या हाताने ते उचलून धरलं.

"नीट धरा," ती म्हणाली. "हलू नका."

सावळेराम हलला नाही.