तिसऱ्या मुलाचा ठराव

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे एक. आणि हे दुसरं."

मी म्हटलं, "बाई, नीट बघा, एकालाच दोनदा मोजलं असेल!"

नवरा शिंपी, मोजमापात त्याचा हात कोण धरणार! पडद्याला नाक लावून म्हणाला, "दोनच आहेत गं! एकावर एक फुकट!" आणि असा खो खो हसत सुटला, की बाहेर ताटकळलेल्या बायकाही उगाच हसायला लागल्या.

घरात लेक आहेच. म्हणजे झाली की तीन! आणि आज दुपारी नगरपालिकेच्या सभेत ठराव कोण मांडणार होतं? मीच! तिसरं मूल झालं की सदस्यत्व रद्द. पाणी पुरत नाही, वर्गात मुलं मावत नाहीत, तर सुरुवात आपल्यापासून करा, असं मीच टेबल बडवून बडवून सांगत होते. आता पहिली खुर्ची माझीच जाणार! आणि ती मला हवी होती हो. घरोघर चपला झिजवून मिळवली होती.

आमच्या गटनेत्यांनी हळूच तोड काढली. "ताई, घाबरताय कशाला? 'मुलं' खोडा, 'बाळंतपणं' लिहा. जुळी म्हणजे एकच बाळंतपण. खुर्ची शाबूत!" आणि दुरुस्तीचा कागद सभागृहात वाटूनही टाकला.

मी उडीच मारणार होते, पण म्हटलं, पोटात दोघं आहेत.

सभागृहात माझ्या शेजारी आमच्याच गटाची बेकरीवाली बसते. सभेत तोंडातून चकार शब्द नाही. माझा हात वर गेला की तिचा वर. तिच्या कानात म्हटलं, "वाचले गं! जुळ्यांना सूट!"

तिचे डोळे भरून आले.

"अगं वेडे, रडतेस काय?"

"तुम्ही सुटलात ताई," ती पुटपुटली. "माझ्या पोटात एकच आहे. पण तिसरं."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. उभी राहिले. हसू येतंय की रडू तेच कळेना.

"ठराव मी मागे घेते."

सगळीकडे कल्ला. विरोधी बाकावरचे मास्तर चिडले. "असं कसं? मी विरोधाचं भाषण पाठ करून आलोय!"

"मला जुळी होणार आहेत," मी म्हटलं. हशा पिकला, टाळ्या पडल्या.

"पण या दुरुस्तीत तुम्हाला सूट मिळते ना?" मास्तर म्हणाले. "मग मागे का घेताय?"

खरं कारण माझं नव्हतंच. कसं सांगू? मी ठरावाचा कागद उगाच उलटसुलट करत राहिले.

शेजारची खुर्ची सरकली.

"माझ्यासाठी," बेकरीवाली म्हणाली. "मला तिसरं होणार आहे. आणि मी इथून उठणार नाही. बोला, कोणाला काय म्हणायचंय?"

मास्तर खाली बसले. मी आपली हसतेय आणि डोळे पुसतेय. इतका खणखणीत आवाज बाईचा, आणि तिच्या आधी दरवेळी मीच बोलत आले होते.