न झिजलेला चाकू

मी चाकू बोलतोय. काचेआडून बोलतोय, त्यामुळे आवाज जरा दबका येईल, तेवढं सांभाळून घ्या. गेली तीन वर्षं जयनगरातल्या एका फ्लॅटमध्ये, काचेच्या कपाटात, निळ्या मखमलीवर मी पडून आहे. डोक्यावर छोटा दिवा आहे. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून "वा!" म्हणतात. त्या "वा!"चा आता मला वीट आलाय.

माझा जन्म याच कानडी शहरातल्या पीण्याचा, कारखान्यांच्या वस्तीतला. तिथे विठोजीअण्णांची पत्र्याची शेड आहे. सहा दिवस ते कारखान्यांसाठी यंत्रांचे सुटे भाग बनवतात आणि रविवारी कोपऱ्यातली भट्टी पेटवून चाकू घडवतात. मी मुळात एका लॉरीच्या तुटलेल्या कमानपाट्याचा तुकडा. आयुष्यभर ओझं वाहिलेलं लोखंड, म्हणजे आळस आमच्या रक्तातच नाही. अण्णांनी मला तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं, तेलात बुडवलं, शिसवीची मूठ बसवली. मग परीक्षा घेतली. आधी वाळका बांबू तासायचा आणि लगेच त्याच धारेने पिकलेला टोमॅटो कापायचा. टोमॅटोची चकती इतकी पातळ पडली, की अण्णांच्या पत्नी मथुराअक्का म्हणाल्या, "हा मलाच ठेवा की."

"तुझा आहे की घरात," अण्णा म्हणाले.

अक्कांचा तो चाकू म्हणजे माझा थोरला भाऊ. अठ्ठावीस वर्षं स्वयंपाकघरात राबलाय. धार लावून लावून त्याचं पातं करंगळीएवढं उरलंय. अण्णांनी पुढे कितीतरी देखणे चाकू घडवले, पण आल्या-गेल्याला कौतुकाने दाखवतात तो हाच. मलाही वाटायचं, आपण असंच व्हावं.

अण्णांची अट एकच. चाकू वापरणाऱ्यालाच द्यायचा. अभिराज शेडमध्ये आला तेव्हा त्यालाही त्यांनी विचारलं, "सरी, बरं, कशाला पायजे तुला?"

"ट्रेकिंगला, अण्णा. मी दर महिन्याला जंगलात जातो. कॅम्पिंग, शेकोटी, सगळं आम्हीच करतो."

हा अभिराज मूळचा पुण्याचा, इथे कंपनीत नोकरीला. तो खोटं बोलला नव्हता. जंगलात तो खरंच जातो. मला नेत नाही, एवढंच. अण्णांनी मला म्यानात सरकवलं आणि कानात सांगावं तसं पुटपुटले, "चांगला झिजून ये बघ." मी आनंदाने निघालो. वाटेत कुठल्या डोंगरावर जाणार, काय तोडणार, याचे मांडे मनात खात होतो.

थेट मखमलीवर येऊन पडलो.

इथे माझ्यासारखे आणखी अकरा जण आहेत. कोणी राजस्थानचा, कोणी नेपाळचा, एकाची मूठ हरणाच्या शिंगासारखी कोरलेली. सगळे हाताने घडवलेले आणि सगळे बेकार. महिन्यातून एकदा अभिराज हातमोजे घालून आम्हाला तेल लावतो आणि फोटो काढतो. पाहुणे आले की माझ्या धारेने कागदाची पट्टी कापून दाखवतो. कागद! बांबू तासणाऱ्याकडून कागद कापून घेतात आणि वर टाळ्या वाजवतात. मला लाज वाटते हो.

आणि जंगलात कोण जातं माहीत आहे? नारिंगी प्लॅस्टिकच्या मुठीचा एक दीडदमडीचा चाकू. परत येतो तेव्हा त्याला धुराचा आणि भाजलेल्या कणसांचा वास येत असतो. तो मोरीत पडलेला मला इथून दिसतो आणि माझा जळफळाट होतो.

एकदा अभिराजचा मित्र रोशन म्हणालाही, "अरे, या वेळी हा घेऊन चल ना."

"वेडा आहेस का? स्क्रॅच पडला तर? हँडमेड आहे तो, कलेक्शन पीस!"

आणखी एक दुःख डोळ्यांसमोर रोज घडतं. अभिराजची बायको स्मृती ज्या चाकूने भाजी चिरते, तो इतका बोथट आहे की टोमॅटो कापण्याऐवजी चेंगरतो. बोथट चाकूला जोर लावावा लागतो आणि मग तो सटकतो. तिच्या डाव्या हाताच्या बोटांना मी आतापर्यंत चार पट्ट्या पाहिल्या. चार पावलांवर मी आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तसं या घराचं चाललंय.

यंदा खंडेनवमीला अभिराजने अण्णा-अक्कांना घरी बोलावलं. आम्हा बाराजणांना पाटावर मांडलं, झेंडूची माळ घातली. इथे या दिवशी आयुधपूजा म्हणून स्कूटरपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं आणि त्या दिवशी कोणी हत्यार चालवत नाही. तीन वर्षांनी अण्णा दिसले आणि माझा जीव अर्धा झाला. काय दाखवणार होतो मी त्यांना?

त्यांनी मला उचललं, चष्मा कपाळावर सरकवून धारेवरून अंगठा फिरवला.

"काय काय कापलंस रे ह्येनं?"

"अण्णा, तसा कागद... म्हणजे जपून ठेवलाय. बघा ना, जसाच्या तसा!"

मला पाटावर ठेवून अण्णांनी कुंकवाची वाटी घेतली. स्कूटरच्या किल्लीला बोट लावलं, स्मृतीच्या लॅपटॉपला लावलं. मग तिला म्हणाले, "अम्मा, तुझा भाजीचा चाकू स्वल्प, जरा आण बघू." तिने संकोचत तो बोथट चाकू आणला. अण्णांनी त्याला कुंकू लावलं, फूल वाहिलं, हात जोडले. आणि वाटी खाली ठेवली.

"अण्णा, हे राहिले," अभिराज आमच्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"वर्षभर राबतं त्याला आज सुट्टी, म्हणून पूजा. ह्यांना कसली सुट्टी देऊ?"

अक्कांनी "असू दे की, सणाचा दिवस आहे" म्हणून सावरायचा प्रयत्न केला. पण अण्णा माझ्याकडे न बघताच जेवायला बसले. मला घडवताना त्यांनी इतके घाव घातले, त्यातला एकही असा लागला नव्हता.

ते गेल्यावर अभिराजने रागारागाने स्वतःच ओलं कुंकू कालवून माझ्या पात्यावर ठसठशीत टिळा लावला आणि कपाट बंद केलं. जोडून सुट्टी होती, सकाळी तो ट्रेकला गेला. अर्थात नारिंगी चाकू घेऊन. टिळा पुसायला विसरला. माझं लोखंड न गंजणाऱ्यातलं नाही. चार दिवस ते पाणी मला खात राहिलं.

परत आल्यावर त्याने दिवा लावला आणि किंचाळला. टिळ्याखाली रुपयाएवढा तांबूस डाग पडला होता. घासून घासूनही जाईना. शेवटी त्याने अण्णांना फोन लावला, स्पीकरवर.

"डाग ना? सोपं आहे की," अण्णा म्हणाले. "कांदा काप, लिंबू काप, कैरी काप. कापत ऱ्हा. सगळं पातंच हळूहळू काळं पडतंय, मग डाग दिसत नाही. दुसरा उपाय नाही बघ त्याला."

माझ्या पात्यातून शहारा गेला. स्मृती ओट्याशीच उभी होती, हातात सोललेला कांदा होता. ती म्हणाली, "मग आण ना इकडे. कापते."

अभिराजने माझ्याकडे पाहिलं, कांद्याकडे पाहिलं. त्याने मला उचललं, मखमलीपाशी नेलं आणि उलटं ठेवलं. डागाची बाजू खाली, चकचकीत बाजू वर.

"हे बघ, आता कळतसुद्धा नाही," तो म्हणाला.

ओट्यावर बोथट चाकू पुन्हा कांद्यावर घासू लागला.

तेव्हापासून मी असा पालथा पडून आहे. तुमच्या घरी कपाटात जपून ठेवलेला एखादा चाकू असेल, तर त्याला आजच्या आज एक कांदा द्या, हात जोडतो. आणि पीण्याच्या बाजूला गेलात आणि विठोजीअण्णा भेटले, तर त्या फोननंतरचं माझं खरं त्यांना सांगू नका. चाकू कामावर गेलाय म्हणा. बराच झिजलाय म्हणा.