मागाच्या खिडकीचा उजेड

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो, आणि तीही साधीसुधी नव्हे, कोर्टात गाजलेली! बेळगावच्या खासबागेत ज्योतिबा विणकराच्या घराला मी आहे. प्लेगाची साथ ओसरली, माणसं रानातल्या झोपड्यांतून घरी परतली, तेव्हा बेळगुंदीच्या सुतारानं मला फणसाच्या लाकडात घडवलं. एक दार त्यानं जरा वाकडंच केलं. ते अजून कुरकुरतं.

माझ्याखाली जमिनीत खड्डा करून माग मांडला होता. ज्योतिबा खड्ड्यात पाय सोडून बसायचा, धोटा इकडून तिकडे पळायचा. कंदिलाच्या उजेडात काळा आणि गर्द निळा धागा सारखाच दिसतो, म्हणून सारं काम माझ्या उजेडात चाले. त्या घराची चूल माझ्यावर पेटायची, असं मी म्हटलं तर ती बढाई समजू नका.

माझ्यापलीकडे शेजारच्या मालुबाईचं परडं होतं. तिथं शेवगा होता. मालुबाई आणि ज्योतिबाची बायको बाळाबाई माझ्या गजांमधून तासन्‌तास बोलत. दर दिवाळीला बाळाबाई तिला घरच्या मागावरचा एक खण देई, आणि मालुबाई शेंगांची जुडी धाडी. शेजारधर्म, दुसरं काय!

अशी विसांहून जास्त वर्षं गेली. मालुबाईचा नवरा वारला आणि जागा मुलाच्या, परशरामाच्या नावावर झाली. त्यानं मला खेटूनच माडीचं घर बांधायला काढलं.

पाया खणायला सुरुवात झाली तेव्हा ज्योतिबा म्हणाला, "परशराम, दोन हात जागा सोड रं. माग आंधळा हुईल माझा."

"जागा माझी हाय, आण्णा. म्या माझ्या जागंत बांधतोय."

खोटं तो बोलत नव्हता. पण वीस वर्षं कुणी हक्कानं, उघडपणे आणि बिनहरकत खिडकीतून उजेड घेतला, तर शेजाऱ्याला तो तोडता येत नाही, असा कायदा आहे. मात्र तो उजेड शेजाऱ्याच्या परवानगीनं घेतलेला असेल, तर हक्क उभा राहत नाही. ज्योतिबानं दावा लावला.

परशरामाचे वकील हरिभाऊ मोठे हुशार. त्यांनी दिवाळीचा खण शोधून काढला. हा खण म्हणजे उजेडाचं भाडं, आणि भाडं भरतो त्याला हक्क कसला, असं त्यांनी कोर्टात मांडलं. चांगुलपणा असा अंगाशी आला. त्या दिवशी ज्योतिबा घरी आला तो मागावर बसलाच नाही. माग गेला तर खायचं काय, हा घोर नवरा-बायको दोघांनाही लागला. हे सारं माझ्यापायी, म्हणून मला तर माझ्या लाकडाचीच लाज वाटली.

पुढच्या तारखेला हरिभाऊंनी खुद्द मालुबाईलाच साक्षीला उभं केलं. आई मुलाच्याच बाजूनं बोलणार, यात त्यांना शंका नव्हती. तिथं काय झालं ते ज्योतिबानं संध्याकाळी बाळाबाईला सांगितलं, तेच मी तुम्हाला सांगते. भिंतीतली वस्तू मी, कोर्टात कशी जाणार?

वकिलांनी विचारलं, "दर दिवाळीला तुम्हाला खण मिळत होता ना?"

"व्हय."

"खिडकीबद्दलच ना?"

"न्हाय वं. ही खिडकी बशिवली तवा आमास्नी कुणी इचारलंबी न्हाय, आन आमीबी काय म्हटलं न्हाय. खण तिनं मायेनं दिला. मी शेंगा धाडल्या, त्ये मग कशाचं भाडं?"

मुन्सफांनी निकाल ज्योतिबाच्या बाजूनं दिला. परशरामाला दोन हात जागा सोडावी लागली.

ज्योतिबाच्या घरी आता पेढे वाटतील, असं मला वाटलं होतं. पण त्याच संध्याकाळी मालुबाई माझ्यापाशी आली आणि गज धरून उभी राहिली.

"बाळाक्का," ती म्हणाली, "पोरगं जेवलं न्हाय गं. माझ्या हातचं नगं म्हणतंय."

बाळाबाईनं गजांतून तिचा हात धरला. परशराम पुढे आईशी बोलू लागला, पण त्याला फार दिवस लागले.

आता सत्तेचाळीस साल आहे. ज्योतिबा, बाळाबाई, मालुबाई, कुणीच राहिलं नाही. ज्योतिबाच्या मुलानं, आण्णाप्पानं, विजेचा दिवा घेतला आणि मला बंद करून माझ्यापुढं लाकडी कपाट लावलं. परवा गावात झेंडे लागले म्हणे. मला नुसता आवाज ऐकू आला.

मित्रांनो, कोर्टानं दिलेला हक्कसुद्धा वर्षानुवर्षं न वापरला तर मरतो. घराचे कागद जपा, हद्दी जपा, पण खिडक्याही उघड्या ठेवा. आण्णाप्पाला कुणी ओळखत असाल, तर त्याला एवढंच सांगा, की ज्या उजेडासाठी शेजारची आई पोटच्या पोराविरुद्ध खरं बोलली, तो उजेड रोज सकाळी माझ्या वाकड्या दाराच्या फटीतून येतो आणि कपाटाच्या पाठीवर पडून परत जातो.