गदेच्या शेजारचं खोरं

मी एक जुनं खोरं आहे. मित्रांनो, हसू नका. सोलापूरच्या पैलवानांच्या तसबिरी तुम्ही भिंतीवर लावता. त्यांच्या पाठीखालची माती कुणी भुसभुशीत केली, हे कधी विचारलंत? मी केली!

लोहारानं मला घडवलं, बाभळीचा दांडा बसवला आणि कोंडीबा वस्तादांनी मला तालमीत आणलं. तिथला रिवाज एकच: आधी कुस्तीचा मातीचा हौदा उकरायचा, मग अंगाला माती लावायची. कमलम्मा विणकरणीचा येडू सगळ्यांत खोल उकरी. आईच्या हाताला मागाचे घट्टे, ह्याच्या हाताला माझे. लई गुणी पोर!

मग सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत येडूनं कुस्तीचं मैदान मारलं, गदा आणली, आणि सगळं बिघडलं. खुशमस्करे म्हणाले, "पैलवान, आता तुमी खोरं धरायचं व्हय? लोक हसतील की!" येडूला ते पटलं. मूर्ख कुठला! त्याचं बघून बाकीच्यांनीही मला सोडलं. मी कोपऱ्यात गंजत पडलं आणि हौद्यातली माती दगड झाली.

एका सकाळी त्याच मातीवर येडूनं मोहोळच्या रावजीला धोबीपछाड मारली. रावजीच्या खांद्याचं हाड कडकन वाजलं. वस्तादांनी माती चाचपली. "गदा पेलती, आन् खोरं जड झालं व्हय रं येडू?"

रावजी पुन्हा कुस्ती खेळेल की नाही, वैद्यही सांगेना.

खंडेनवमीला गदेची पूजा मांडली. येडूनं मला ओढून काढलं, गंज घासला, गदेशेजारी ठेवून कुंकू लावलं. माझ्या पात्याला कुंकू पहिल्यांदाच लागलं! दारात रावजी उभा होता, हात गळ्यात बांधलेला.

तो म्हणाला, "पैलवान, पूजा पुरं झाली. उकरा की."

वस्ताद म्हणाले, "आज न्हाय. आज हत्याराला इसावा असतो."

"वरीसभर इसावाच झाला की त्येला! उकरा. हात बरा झाला की मला हितंच पडायचंय."

"पडायचंय?" येडूचा आवाज फाटला.

"मग? तुमाला पाडायचं तर आदी चार येळा पडावं लागंल न्हाय का!"

वस्ताद हसले आणि त्यांनी मान डोलावली. कुंकवासकट येडूनं मला उचललं. तो रडत उकरत होता, आणि मी त्या दगडी मातीत खोल, खोल जात होतं.

मित्रांनो, आज माझं पातं झिजून निम्मं झालंय. मला तसबिरीशेजारी टांगू नका. हातात घ्या. उद्या त्या हौद्यात तुमच्यातलंच कुणीतरी पडणार आहे.