मशीनला वारं

माझ्या सासूबाईंना, राजाबाईंना, बंद खोलीचा भारी राग. मी त्यांना आत्याबाई म्हणते. निम्मं आयुष्य मेंढरांमागं उघड्या माळावर गेलेलं, त्यामुळं पडेगावच्या या सिमेंटच्या घरात त्यांचा जीव रमत नाही, हे मला कळतं. पण माझ्या सहा वर्षांच्या योगिनीला दमा आहे. यंदा पाऊस नाही, चहूकडे प्लॉटिंग, आणि शेजारच्या बंगल्यावर पाण्याअभावी कोरडीच फरशी कापतात. डॉक्टरांनी हवा साफ करायचं मशीन घ्यायला लावलं. खिडक्या बंद असल्या की ते बल्बाएवढ्या विजेवर गुमान चालतं. हे आत्याबाईंना सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

त्या दिवशी सकाळपासूनच लाईट नव्हती. इन्व्हर्टरच्या भरवशावर लेकीला त्यांच्याजवळ ठेवून मी क्रांती चौकात तिचं औषध आणायला गेले. परत आले तर खिडकी सताड उघडी. टेबलावर पांढरी भुकटी, मशीन लाल दिवा लावून घरघरतंय आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर कोकलतोय.

"आत्याबाई, खिडकी कशाला उघडली?"

"मशीनला वारं नगं व्हय आत यायला? कोंडल्यावर बिचारं काय साफ करंल? उघडली तवा कसं लई जोरात चालाया लागलं!"

कपाळ माझं! गावभरची धूळ ओढता ओढता त्यानं आमची जुनी बॅटरी पिऊन टाकली होती.

योगिनी भिंतीला टेकून बसलेली. प्रत्येक श्वासाला बरगड्या आत जात होत्या. मी खिडकी आपटली, पंखा आणि मशीन बंद केलं, औषध घालून वाफेचं यंत्र लावलं. जेमतेम वाफ आली आणि इन्व्हर्टर बंद पडला. नवरा बिडकीनला कामावर, रिक्षा शोधून दवाखाना गाठेपर्यंत काय होईल, या विचारानंच मला रडू फुटलं.

बाहेर मात्र फरशी कापायचा कटर जोरात चालू होता.

"त्यांच्याकडं जनरेटर हाय," आत्याबाई म्हणाल्या. नात कडेवर, पदर तिच्या नाकावर. "ते यंत्र घे. चल!"

बंगल्यावर शिरताच त्या मुकादमावर कडाडल्या, "कडुबा, कटर बंद कर! जनरेटर राहू दे!"

पोरीचा चेहरा बघून कडुबानं झटकन कटर थांबवला, तिथली पिन काढून माझी लावली. वाफ सुरू झाली. गवंडी, बायका, सगळे हात थांबवून उभे. भुकटी खाली बसली. योगिनीचा श्वास सैल झाला, मग तिनं मास्कच्या आतूनच पाणी मागितलं. मी हमसून रडले.

थोड्या वेळानं कडुबा अदबीनं म्हणाला, "आजी, आता करू का चालू? मालक बोंबलंल."

आत्याबाईंनी आधी त्या गप्प कटरकडं पाहिलं, मग आमच्या बंद खिडकीकडं.

"म्हंजी हे बंद ठिवता येतंय व्हय?" त्या म्हणाल्या. "मंग इतके दिस आमीच का कोंडून घेतलं?"

आत्याबाई कापायच्या फरशांच्या थप्पीवर मांडी घालून बसल्या, आणि लेकीला घेऊन मीही त्यांच्या शेजारी बसले.