पोचा परत द्या

पोचेकाकांना सगळे पोचेकाका म्हणत ते काही उगाच नाही. पितळेला पोचा दिसला की तो काढल्याशिवाय या माणसाला अन्न गोड लागत नसे. बँडमास्तरांनी ट्युबा काकांच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात टाकला होता तो अडकलेला व्हॉल्व्ह सोडवायला. पण एवढ्या धिप्पाड वाद्याच्या पोटाला वाडग्याएवढा पोचा, आणि काका गप्प बसणार? छे! त्यांनी आत लोखंडी गोळा सोडला, बाहेरून लाकडी हातोडीने ठोकठोक केली आणि पोट गुळगुळीत करून दिलं. व्हॉल्व्ह सोडवला तो जाता जाता.

दुपारी बँडमास्तर ट्युबा घेऊन परत आले. चेहरा रडवेला.

"काका, पोचा कुठाय?"

"काढला! तोही फुकट!"

"अहो, घात केलात! पोच्यामुळे हा बेसूर वाजायचा. याला कोण समजावणार, म्हणून आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं याच्याशी जुळवून घेतलं. आता हा एकटा सुरात आणि अख्खा बँड बेसूर! संध्याकाळी स्पर्धा आहे, लोक हसतील आम्हाला. पोचा परत द्या."

चूक स्वतःचीच, तेव्हा नाही म्हणायला काकांना तोंड नव्हतं. त्यांनी हातोडी उचलली. हात वर गेला तो वरच राहिला. उभा जन्म पोचे काढण्यात गेलेला; घालायचा कसा हे हाताला ठाऊकच नाही. शेवटी डोळे मिटून एक घाव घातला, तर डोळे उघडेपर्यंत दुसरा हात गोळा आत सोडून मोकळा! पुन्हा घातला, पुन्हा निघाला. बँडमास्तर कपाळाला हात लावून बसले.

"सरका," म्हणत काकू आतून आल्या. हातात खलबत्त्यातला बत्ता. "कुठे होता?"

मास्तरांनी बोट ठेवलं. काकूंनी असा दणका दिला की शेजारचा न्हावी साबण फासलेल्या गिऱ्हाइकासकट बाहेर आला. मास्तरांनी फुंकून पाहिलं. ट्युबा असा काही रेकला, की मास्तरांचे डोळे भरून आले.

"हाच! काकू, हाच तो!"

काकांच्या काळजाला घरं पडली. "एवढा नेम कुठून आला गं तुला?"

"तुमच्याशी संसार केलाय. मनातल्या मनात कितीदा हाणला असेल!"

ट्युबा टेम्पोत चढला. तो पोचा दिसताच काकांची बोटं वळवळू लागली.

"अगं, धर मला," ते कळवळून म्हणाले. "नाहीतर धावत जाऊन काढीन मी तो. त्या बिचाऱ्यांचं वाटोळं होईल."

काकूंनी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. भर रस्त्यात, चारचौघांदेखत. लग्न झाल्यापासून हे हात कधी रिकामे सापडलेच नव्हते. काकांना लाजल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

टेम्पो वळणाआड गेला.

"गेला. सोड आता."

"आवाज येतोय अजून," काकू म्हणाल्या.

काकांनी कान टवकारले. आवाजबिवाज काही येत नव्हता. तरी त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत.