सवलतीचे ठिपके

थोरली आणि धाकटी, सख्ख्या बहिणी, पण चार वर्षं बोलत नव्हत्या. आईच्या शिलाई मशीनवरून बिनसलं ते बिनसलंच. थोरलीची सून लोकांचे संकल्प नोंदवणारं अ‍ॅप बनवायच्या कंपनीत होती. तिनं दोघींना गुडघ्यांच्या व्यायामाच्या एकाच गटात घातलं होतं. व्यायाम झाला की टिचकी मारायची, नावापुढे हिरवा ठिपका उमटायचा. थोरली रोज चष्मा लावून आधी धाकटीचा ठिपका बघायची, मग चहा. ठिपका आहे म्हणजे बया धडधाकट आहे. विचारायला तिच्या दारात कोण जातंय.

रविवारी सकाळी ठिपका पाहून तिनं बशी तोंडाला लावली, तेवढ्यात सून म्हणाली, "आई, तुमच्या बोलण्याचा उपयोग झाला बरं का. गुरुवारी सुधारणा सुरू केली."

"कसली?"

"तापात तुमचे दोन दिवस चुकले आणि दोनशे दिवसांचा हिशोब शून्यावर आला, तेव्हा म्हणालात ना, तुमच्या ऑफिसात माणसं बसतात की दगड? मी मीटिंगमध्ये तेच सांगितलं. आता व्यायामाची ठरलेली वेळ टळली की अ‍ॅप स्वतःहून ठिपका देतं. तीन दिवसांपर्यंत."

"न करताच हिरवा?"

"सवलत म्हणून. लोक हिरमुसत नाहीत."

थोरलीनं बशी खाली ठेवली. "मग धाकटीचा आजचा ठिपका तिचा, का तुझा?"

सुनेनं ठिपका दाबून धरला. तिचं हसू उतरलं. "शुक्रवारपासूनचे तिन्ही सवलतीचे आहेत."

थोरलीनं फोन ओढून घेतला. धाकटीचा नंबर तिला पाठ होता, चार वर्षांत एकदाही न लावता. तिनं तो तीनदा लावला. वाजून वाजून बंद झाला.

टॅक्सीत ती शिव्या जुळवत बसली. फोन उचलत नाही म्हणजे काय, स्वतःला समजते कोण. शिव्या थांबल्या की मनात भलतंच येत होतं, म्हणून ती थांबलीच नाही. सुनेनं हात धरला तर तो झटकला, मग स्वतःच पुन्हा पकडला.

धाकटीच्या दाराखालून दिव्याचा उजेड येत होता. भर सकाळी. हाका मारल्या, उत्तर नाही. खालच्या शिंपीणबाईकडे किल्ली होती. "दिसल्या नाहीत खऱ्या," ती म्हणाली. "मला वाटलं, कुणाकडे गेल्या असतील."

थोरलीनं किल्ली सुनेच्या हातात कोंबली. सुनेनं दार उघडलं.

धाकटी स्वयंपाकघरात फरशीवर पडली होती. एक पाय विचित्र वळलेला, शेजारी पाण्याची रिकामी बादली. ओठ फुटले होते. डोळे हलले.

"फोन ऐकला," ती म्हणाली. "उठता येईना."

सून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला लागली. थोरलीनं धाकटीचं डोकं मांडीवर घेतलं. कपाळ गार होतं.

"पहिल्या दिवशी मी निवांत होते, ताई. ठिपका दिसला नाही की तू येशील, माहीत होतं. काल वाटलं, अजून रागात आहे."

सुनेचा आवाज फोनवर अडखळला. तिनं मान खाली घातली.

थोरलीनं सुनेकडे पाहिलं, मग शिंपीणबाईनं आणलेल्या वाटीतल्या पाण्यात चमचा बुडवला. अर्धं पाणी हातावरच सांडलं.

"रागातच होते," ती म्हणाली. "तोंड उघड. आणि डोळे मिटू नकोस. मी सांगेपर्यंत मिटायचे नाहीत."